आधी बाग, मग ग्लास

जानेवारी उजाडला की आमच्या घरचा फोन खणखणायला लागतो. एरवी वर्षभर ज्यांना माझी आठवण नसते, ती माणसंसुद्धा "ताई, नाशिकची थंडी काय म्हणतेय?" असं विचारतात. तिसऱ्या वाक्याला वायनरी येते. मी गंगापूर रोडला राहते. माहेर दिंडोरी तालुक्यातलं, भावाची चार एकर द्राक्षबाग आहे. बँकेत कॅशियर होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. गाडी मीच चालवते, त्यामुळे दोन घोटांच्या पुढे माझी मजल जात नाही. थोडक्यात, पाहुण्यांना वायनरी दाखवायला माझ्याइतकी सोयीची बाई नाशकात दुसरी नाही, आणि हे सगळ्या नातेवाइकांना कळून चुकलंय.

दर वेळी फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहूनच काढते.

कधी यायचं

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. माझा भाचा, म्हणजे नणंदेचा मुलगा, पुण्याहून चार मित्र घेऊन मे महिन्यात आला. का, तर सुट्टी मेमध्ये होती. वायनरीच्या गच्चीवर उभा राहून त्याने खाली नजर टाकली आणि म्हणाला, "मामी, द्राक्षं कुठायत?" खाली ओळीने खुंट उभे होते आणि त्यांना वीतभर पालवी. ऊन असं की गच्चीचं रेलिंग हाताला चटका देत होतं. पोरं आत जाऊन एसीत बसली, पाच-पाच ग्लास चाखले आणि परत गेली. एवढ्यासाठी पुण्याहून दोनशे किलोमीटर यायची काय गरज होती? बाटली पुण्यातही मिळते.

आपल्याकडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. माल उतरला की एप्रिलमध्ये खरड छाटणी. सगळ्या काड्या काढून टाकायच्या, ओलांडे, म्हणजे तारेवर आडवे बांधलेले जाड फांटे, तेवढे ठेवायचे. मग उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नव्या काड्या वाढतात आणि पुढचा घड त्या काडीच्या डोळ्यातच, म्हणजे कोंबातच, आधी धरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी, तिला गोडी छाटणी म्हणतात, कारण तिच्यानंतर फळ येतं. युरोपात बर्फ पडतो, वेल हिवाळ्यात झोपते, तिथे एकच छाटणी पुरते आणि तोडणी येते सप्टेंबरच्या आसपास. आपल्या वेलीला झोप नाही. तिला कधी फुटायचं आणि कधी थांबायचं हे कात्रीनेच सांगावं लागतं. नाशिकने ती कात्री अशी बसवलीय की फळ नेमकं कोरड्या, थंड हवेत पिकावं.

म्हणून ऑगस्टमध्ये आलात तर डोंगर हिरवेगार, धबधबे कोसळतायत, वेलींना भरघोस पानं, पण घड एकही नाही. ऑक्टोबरअखेर पुन्हा नुसत्या काड्या. नोव्हेंबरात पोपटी फूट आणि फुलोरा, डिसेंबरात हिरवे टणक मणी. जानेवारीत काळ्या जातींचे मणी रंग धरायला लागतात, आणि तेव्हा एकाच घडात हिरवा, गुलाबी, जांभळा असे सगळे मणी शेजारी शेजारी दिसतात. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तोडणी जोरात असते, मार्चमध्ये उरलीसुरली लाल वाइनची द्राक्षं उतरतात. तुम्ही यायचं ते या दीड-दोन महिन्यांत. पावसाळ्यात यायला माझी ना नाही, पण मग ती डोंगर बघायची सहल समजा.

वार म्हणाल तर मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी गंगापूर-सावरगाव रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, आणि टेस्टिंगच्या टेबलावर तुमच्या मागे पुढची माणसं उभी असतात. एका रविवारी एका ठिकाणी (नाव नको) पोऱ्याने दहा मिनिटांत पाच ग्लास पुढ्यात ओतले आणि सहावं वाक्य बोलायच्या आत बिल ठेवलं. त्याचा तरी काय दोष, मागे चाळीस माणसं ताटकळत होती. एकतीस डिसेंबरला तर मी फोनच उचलत नाही.

यायच्या आधी दिनदर्शिका बघा. २६ जानेवारीला ड्राय डे असतो, नेमका हंगामात. २ ऑक्टोबर, १५ ऑगस्ट, निवडणुकांचे दिवस हेही तसेच. त्या दिवशी बाग बघायला मिळेल, ग्लास मिळणार नाही. आणखी एक स्थानिक भानगड आहे. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते, आणि ती बरोबर याच दिवसांत येते. त्र्यंबक रस्त्याने दिंड्या चाललेल्या असतात. त्या दिवशी त्या बाजूने गाडी घालू नका, आणि अडकलातच तर हॉर्न वाजवू नका, खाली उतरून दिंडी बघा. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे, त्या पर्वण्यांच्या दिवसांत तर वायनरी हा शब्दही काढू नका.

कुठे जायचं

नाशिकच्या वायनऱ्या चार दिशांना विखुरल्यात. एका दिवसात सगळ्या होत नाहीत, करूही नयेत. दोन, फार तर दोनच. तिसऱ्या ठिकाणी जीभ काहीच सांगत नाही, नुसती हो म्हणते.

पश्चिमेला गंगापूर धरणाची बाजू. पहिल्यांदा येणाऱ्याला मी इकडेच नेते. गावापासून अर्ध्या तासात पोचता येतं. सुला इथेच आहे. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, १९९७ मध्ये इथे सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या दोन जाती लावल्या, आणि २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. आईचं नाव सुलभा, त्यावरून सुला. आमच्या माहेरी तेव्हा त्यांची चेष्टा चालायची. खायच्या द्राक्षाला भाव मिळत असताना या बारक्या, बियांच्या द्राक्षाचं हा माणूस करणार काय, असं माझे वडीलच म्हणायचे. २००५ मध्ये तिथे टेस्टिंग रूम झाली आणि मग नाशिकला 'देवदर्शन नि द्राक्षं' यापलीकडे तिसरं कारण मिळालं.

सुलाला गर्दी असते, मोठा कारभार आहे. पण फेरफटका नीट आखलेला असतो, सांगणारी पोरं तयार असतात, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला सगळं यंत्र एका जागी दिसतं. त्याच बाजूला यॉर्क आहे, २००५ च्या सुमाराचीच, आता तीही सुलाकडे आहे. तिच्या गच्चीवरून धरणाचं पाणी आणि मागची डोंगरांची रांग दिसते. संध्याकाळ तिथे घालवावी. सोमाही जवळच. कोणती चांगली असं मला विचारू नका. मोठं बघायचं तर सुला, बसायचं तर यॉर्क.

दुसरी बाजू सांजेगावची, इगतपुरी तालुक्यात. ज्यांना खरंच डोंगर हवेत त्यांनी इकडे जावं. कावनईचा किल्ला, मुकणे धरणाचा फुगवटा, भाताची खाचरं आणि मधेच द्राक्षाच्या ओळी. इथे ग्रोव्हर झाम्पा आहे. ग्रोव्हरची मूळ वायनरी बंगळूरजवळच्या नंदी हिल्सकडची, २०१२ मध्ये ती इथल्या झाम्पावाल्यांशी एकत्र झाली. आणि वालोने आहे, ती लहान, शांत, पाण्याच्या काठची. मुंबईहून येणाऱ्याला तर ही बाजू नाशिकच्या आधीच लागते, गावात शिरायची गरजही नाही. माझं मत विचाराल तर दुसऱ्यांदा येणाऱ्याने थेट इथेच यावं. फोन करून जा. लहान जागा आहेत, माणसं मोजकी असतात, आयत्या वेळी गेलात तर सांगणारा माणूस बागेत असेल.

उत्तरेला दिंडोरीच्या अंगाला शाँदों आहे, फ्रान्सच्या मोएत हेनेसीची. तिथे मुख्यतः बुडबुड्यांची वाइन. तिला शँपेन म्हणू नका, ते नाव फ्रान्समधल्या त्या एका प्रांतालाच लावता येतं. बुडबुडे यावेत म्हणून बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, आणि या वाइनची द्राक्षं सगळ्यात आधी, जरा आंबट असतानाच तोडतात. इथेही आधी विचारल्याशिवाय जाऊ नये. पूर्वेला निफाडकडे विंचूरचं वाइन पार्क आहे. २००१ च्या सरकारी धोरणातून उभं राहिलं, कारखाने आहेत, डोंगर नाहीत. सहलीला जायची जागा नव्हे ती.

बाग बघा

माझा सगळा आग्रह याच एका गोष्टीचा. लोक येतात, वाइनच्या दुकानात शिरतात, टेबलावर बसतात, फोटो काढतात आणि निघतात. बाग मागे उभीच. गाडी लावली की आधी बागेत जायचं. फेरफटका घडवणाऱ्या पोराला स्पष्ट सांगा की आम्हाला ओळीत उतरायचंय. हंगामात बहुतेक ठिकाणी नेतात.

येताना वाटेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या बागा दिसतात त्या बहुतेक खायच्या द्राक्षांच्या. त्या मांडवावर किंवा वाय आकाराच्या तारांवर चढवलेल्या असतात. तुम्ही खाली उभे राहता आणि घड डोक्याच्या वर लोंबतात, झुंबरासारखे. वाइनची बाग वेगळी. तिथे वेल उभ्या तारांवर भिंतीसारखी बांधलेली असते आणि घड गुडघ्या-कमरेच्या उंचीला, खोडाजवळ. कारण खायच्या द्राक्षाला मणी मोठा, पातळ सालीचा, दिसायला देखणा हवा. वाइनच्या द्राक्षाला उलट. मणी जितका बारका तितकी रसाच्या मानाने साल जास्त, आणि चव नि रंग सालीत असतो.

आता हे करून बघा. परवानगी घेऊन शिराझ या काळ्या जातीचा एक मणी तोडा. वाटाण्यापेक्षा थोडा मोठा, निळसर काळा, वर पांढुरकी साय. ती बोटाने पुसली की खालून चकचकीत काळा निघतो. मणी दोन बोटांत दाबा. रस पांढरा येतो, जवळजवळ पाण्यासारखा. काळ्या द्राक्षाचा रस लाल नसतो हे मला, द्राक्षवाल्याच्या मुलीला, चाळिशी उलटल्यावर कळलं, कारण काळं द्राक्ष मी कधी पिळून बघितलंच नव्हतं, खाऊनच टाकलं होतं. लाल वाइन लाल होते ती सालीसकट आंबवतात म्हणून. पांढरी वाइन करताना आधी पिळतात, साल बाजूला, नुसता रस आंबवतात. गुलाबीला साल काही तासच रसात ठेवतात. एवढं बोटाने बघितलंत की आतल्या टाक्यांपुढचं निम्मं व्याख्यान तुम्हाला आधीच कळलेलं असतं.

मग तो मणी तोंडात टाका. सगळ्यांना वाटतं वाइनचं द्राक्ष आंबट असणार. माझी आत्या, वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात माळ, निवृत्तिनाथांच्या यात्रेला आली होती. एकादशी त्र्यंबकला झाली, द्वादशीला मुंबईचे पाहुणे वायनरीला निघाले, आणि एकटी घरी थांबायला आत्या तयार होईना. "मी गाडीत बसून राहीन" म्हणाली. बसली कसली! आमच्या आधी ओळीत शिरली. आमच्याबरोबरच्या पोराने तिला शिराझचा घडच तोडून दिला. दोन मणी खाल्ले, बिया हातावर काढल्या आणि म्हणाली, "ही तर खडीसाखर आहे गं. एवढं गोड फळ कुजवतात कशाला?"

पोरगा हजरजबाबी. म्हणाला, "आजी, कुजवत नाही, आंबवतो. इडलीचं पीठ आंबवता ना तसं."

"मग इडलीच करा की," आत्या म्हणाली, आणि घड पदरात घेऊन गाडीत जाऊन बसली.

आत्याचं बरोबर होतं. खायचं द्राक्ष गोडी सतरा-अठरा ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) आली की तोडतात. लाल वाइनचं द्राक्ष बावीस ओलांडून चोवीसपर्यंत जाऊ देतात. तीच साखर यीस्ट खातं आणि तिचा अल्कोहोल होतो, म्हणून गोडी जास्तच लागते.

तोडणी दिसली तर सगळं सोडून तीच बघा. पहाटे, ऊन चढायच्या आत तोडतात, कारण तापलेलं द्राक्ष क्रेटमध्येच बिघडायला लागतं. म्हणून मी पाहुण्यांना सकाळी लवकर उठवते आणि शिव्या खाते. द्राक्षबागांत पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेली माणसं कामाला असतात. बायका गप्पा मारत कात्री चालवतात, हात इतका सफाईने फिरतो की घड कधी क्रेटमध्ये पडला कळत नाही. फोटो काढायचा तर आधी विचारा. त्या कामावर आहेत, तुमच्या सहलीचा देखावा नाहीत.

आणि हे मात्र कानाला खडा लावून ऐका. वाटेत बाग दिसली म्हणून गाडी थांबवून कुणाच्याही शेतात शिरू नका. माझ्या भावाच्या बांधावर दर रविवारी कुणीतरी घड हातात घेऊन सेल्फी काढत उभं असतं. हाताळलं की ती पांढुरकी साय पुसली जाते, आणि साय गेलेल्या घडाचा भाव पडतो. निर्यातीच्या मालाला तर बोटही लावायचं नसतं. शिवाय डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या चालू असतात. फवारणी कालच झालीय की दहा दिवसांपूर्वी, हे तुम्हाला बघून कळणार नाही. द्राक्षं हवीत तर रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेली असतात, विकत घ्या.

चाखताना

पोट भरून जा. पोहे, थालीपीठ, काहीही, पण मिसळ नको. नाशकात येऊन मिसळ नको म्हणणारी मी एकटीच असेन, पण काळ्या मसाल्याच्या रश्श्याने भाजलेल्या जिभेला पुढचे दोन तास शेनँ काय आणि पाणी काय, सारखंच. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी खा, त्यासाठी एक रात्र मुक्काम करा.

टेस्टिंगच्या खोल्या साधारण अकराच्या सुमारास उघडतात. पाच-सहा ग्लास देतात, प्रत्येकात दोन-तीन घोट. आधी पांढऱ्या, मग गुलाबी, मग लाल, गोड सगळ्यात शेवटी. ग्लास दांडीला धरा, पोटाला धरलात की हाताच्या उबेने वाइन तापते. गोल फिरवा, नाक घाला, मग घोट घ्या आणि तोंडात जरा घोळवा.

गिळायलाच पाहिजे असं नाही. टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकायचं. आमच्याकडे त्याचं नाव पिकदाणी पडलंय. लोक लाजतात, पण वाइन बनवणारे स्वतः दिवसभर थुंकतच असतात. मी तर बहुतेक सगळंच थुंकते, कारण सगळ्यांना घरी परत न्यायचं असतं.

वास ओळखायला सांगतात तेव्हा पाहुणे घाबरतात. कार्डावर न खाल्लेल्या फळांची नावं छापलेली असतात. तुम्ही आपल्या फळांत बोला. सोव्हिन्यों ब्लाँला मला पेरूचा वास येतो, आणि मागून नुकत्या कापलेल्या सिमला मिरचीचा. शेनँला अननस. शिराझला मिरी कुटल्यासारखी वाटते, आणि कॅबर्ने पिऊन जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी आवळते. तुम्हाला दुसरं काही आलं तर तेही बरोबरच.

भावाला पहिल्यांदा नेलं तो दिवस विसरत नाही. तीस वर्षं द्राक्ष पिकवणारा माणूस, मण्याची गोडी डोळ्यांनी सांगणारा. कोरडी लाल वाइन तोंडात घेतली, थांबला, ग्लास उजेडात धरला आणि म्हणाला, "साखर कुठं गेली?" सगळी यीस्टने खाल्ली म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला की त्याच्याच बागेत कुणी चोरी केलीय. ज्यांची गोडाची जीभ आहे त्यांनी आधीच तसं सांगावं, थोडी साखर राखलेली वाइन मागावी. त्यात कमीपणा नाही.

लाल वाइन कोमट दिली तर गार करून मागा. 'खोलीच्या तापमानाला' प्यावी असं लिहिलेलं असतं, पण ती खोली फ्रान्समधली, नाशिकची मार्चमधली नव्हे. सोळा-अठरा अंश हवं. घरी लाल बाटली वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पांढरी त्याहून कितीतरी जास्त.

टाक्या बघायला नेलं तर स्टीलच्या टाकीला हात लावून बघा. बाहेरून गार असते, कधी कधी घामेजलेली. आंबताना रस तापतो, तो तापू नये म्हणून टाकीच्या भिंतीतून थंड पाणी खेळवतात. हंगामात तिथे ताज्या ताकासारखा, पिकल्या केळ्यासारखा एक आंबूस वास भरलेला असतो. पिंपांची खोली त्यामानाने कोरडी, अंधारी, फोटो छान येतात. तिथे पाच मिनिटं पुरे.

येणं, जाणं, नेणं

चाखणाऱ्याने गाडी चालवायची नाही. ज्याला प्यायचं नाही असा एक जण ठरवून आणा, नाहीतर शहरातून दिवसभराची गाडी करा. ॲपवरची टॅक्सी जाताना मिळते, येताना कुणी इतक्या लांब यायला तयार नसतो. संध्याकाळी सहाला धरणाच्या काठी फोन हलवत उभी राहिलेली माणसं मी अनेकदा बघितली आहेत, दोघांना तर गाडीत घालून आणलंय. मुंबईहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस साडेनऊच्या सुमारास नाशिक रोडला सोडते, पण स्टेशन गावाच्या एका टोकाला आणि गंगापूरच्या वायनऱ्या दुसऱ्या टोकाला, वीसेक किलोमीटर, हे लक्षात ठेवा. स्वतःच्या गाडीने आलात तर समृद्धी महामार्गाने इगतपुरीपर्यंत या, कसारा घाट टळतो.

सकाळी स्वेटर लागतोच. निफाडचा पारा तर दरवर्षी पेपरात येतो. दुपारी मात्र टोपी लागेल. पायात साधे बूट घाला. ओळीत काळी माती असते आणि ठिबकच्या नळ्या आडव्या पडलेल्या असतात. उंच टाचांची चप्पल घालून आलेल्या माझ्या जावेला दोघांनी धरून बाहेर काढावं लागलं होतं. वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा, आणि मुलं बरोबर असतील तर चालतं का ते फोनवरच विचारा.

बाटल्या घेतल्यात तर बिल जपून ठेवा आणि गाडीच्या डिकीत उन्हात सोडू नका. एकदा मीच सोडल्या होत्या, चार तास. एकीचं बूच अर्धा इंच वर आलं होतं आणि आतली वाइन शिजवल्यासारखी लागत होती. त्या दिवसापासून थर्माकोलचा डबा बरोबर असतो. सुरतेकडून येणारी मंडळी वणी-सापुतारा करून परत जातात. त्यांनी नीट ऐका, सापुतारा गुजरातेत आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. एक बाटलीसुद्धा नको. इथेच संपवा नाहीतर इथेच सोडा, माझ्या घरी ठेवलीत तरी चालेल.

आणि साठवून ठेवायच्या फंदात पडू नका. नेहमीची पांढरी वाइन ताजीच चांगली. एका जावयासाठी म्हणून ठेवलेली शेनँ आमच्या शेजारणीकडे तीन दिवाळ्या कपाटात होती. उघडली तेव्हा रंग चहासारखा. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, मग ती भाजीत घाला.

परवाच आत्याचा फोन आला होता. यात्रेला येतेय, दोन दिवस राहीन म्हणाली. मग जरा थांबून, "द्वादशीला जायचं का गं तिकडे?"

"कुठे?"

"त्या गोड द्राक्षांकडे. आंबवायच्या आत गेलं पाहिजे."